पाय धुवा, नाहीतर हंडा सोडा

असाबीचा नवरा गनियू वारला त्याला आठ वर्षं झाली, पण तिला नवऱ्यांची कमी कधी पडली नाही. इसेयिन गावच्या लोहार आवारात लग्न करून आलेल्या कुठल्याच बाईला ती पडत नाही. रीतीनं दीर नवरे, चुलतदीर नवरे, नणंदासुद्धा नवरेच. आणि नवरी उंबऱ्यावर पाय धुऊन आत आली त्या दिवशी जे पोर कुणाच्या पाठीला बांधलेलं होतं, नाक गळत होतं, तेही तिचा नवरा. त्यांना नावानं हाक मारायची नाही. प्रत्येकाला आपल्या मनानं एक कौतुकाचं नाव ठेवायचं आणि गुडघे टेकून त्याच नावानं बोलवायचं. तिच्यानंतर जन्मलेली पोरं मात्र तिच्यापुढे गुडघे टेकणार. ती कधी आली, यावर सगळं.

असाबी आली एकतीस वर्षांपूर्वी. थोरली नणंद सिफावू तेव्हा अशी होती की वाऱ्याच्या दिवशी तिला घरातच बसवत. असाबीनं तिचं नाव ठेवलं ओपेलेंगे, म्हणजे चवळीची शेंग. नाव सगळ्यांना आवडलं, सिफावूलाही. आता सिफावू आवारात शिरते तेव्हा आधी कोंबड्या बाजूला होतात, मग माणसं. पण एकदा ठेवलेलं नाव बदलता येत नाही, आणि असाबी तर ते आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असंच घेते.

“अगं माझ्या चवळीच्या शेंगे! जेवलीस का गं?”

“जेवले,” सिफावू म्हणणार, दातांवर दात ठेवून.

“दिसतंय हो, दिसतंय.” आणि गुडघे मात्र व्यवस्थित टेकलेले. तक्रार करायची कुठे?

असाबीचा धंदा एगुसीचा. कडू कलिंगडाच्या या बिया ओके-ओगुनच्या शेतांतून पोत्यांनी येतात. ओसरीवर पाय पसरून बसायचं, बी दोन बोटांत धरायचं, टोकाला कट्‌ करून दाबायचं, आतला पांढरा मगज सुपात. सकाळभर ते कट्‌ कट्‌ चालतं. आता यंत्रं आली आहेत, पण यंत्र निम्मा मगज मोडतं आणि मोडलेल्या मगजाला खवट वास लवकर येतो, असं असाबी म्हणते. तिच्या सुपात अख्खा मगज असतो, आणि त्याच्याबरोबर सगळ्या गावाच्या बातम्या अख्ख्या असतात.

तर झालं असं, की आवारातली सगळ्यात जुनी सून, म्हातारी मोरियामो, शहाऐंशीव्या वर्षी गेली. ती होती इयाले, सगळ्या सुनांची थोरली. आवारातल्या कार्याला मोठ्या हंड्यातल्या उकळत्या रश्श्यात वाटून मळलेली एगुसी तिनं सोडायची, दुसरं कुणी नाही. आणि ती गेल्यावर नवी इयाले कोण, हे कुणी बसून ठरवत नाही, दवंडी पिटत नाही. चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला, म्हणजे गेलेल्यासाठीच्या प्रार्थनेला, जी बाई मोठ्या हंड्यात एगुसी सोडेल, ती थोरली. मग नवऱ्यांनीसुद्धा तिला इयालेच म्हणायचं, आणि चुलीपाशी तिचा शब्द चालायचा.

ओळीनं पाहिलं तर आता असाबी. यात विचारण्यासारखं काही होतं असं कुणालाच वाटत नव्हतं. आठव्या दिवसाचा दुवा संपला, इमाम उठून गेले, बायका ताटं गोळा करत होत्या, आणि सिफावूनं घसा साफ केला.

“चाळिसाव्याला एगुसी लतीफत सोडेल,” ती म्हणाली.

लतीफतच्या हातातलं ताट खाली पडलं. लतीफत म्हणजे धाकट्या दिराची बायको. स्वभावानं इतकी गरीब की बकरी आडवी आली तर हीच माफी मागते. म्हणूनच तर सिफावूला ती हवी होती. लतीफत थोरली झाली की चुलीवर राज्य कुणाचं चालणार, ते शेंबड्या पोरालाही कळत होतं.

“लतीफत? आणि मी काय मेले?” असाबी म्हणाली.

“तू गेली होतीस,” सिफावू म्हणाली. “सव्वादोन वर्षं तू या घरची नव्हतीस. लतीफत तेव्हा आली. तू परत आलीस तिच्यानंतर. आली तिथून मोजायचं. बायको, तू धाकटी आहेस.”

नणंद वहिनीला ‘बायको’च म्हणते इथं, पण सिफावू तो शब्द असा टाकते की जणू ताटातलं हाड.

आवाराचे कर्ते काशिमू बाबा तिथंच बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी आपल्या टोपीकडे पाहिलं. “रीत असेल तसं करा,” ते म्हणाले आणि टोपी घालून झोपायला गेले.

आता असाबी गेली होती हे खरं. कशी गेली तेही गावाला पाठ आहे. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. असाबी तेव्हा गाड्यांच्या अड्ड्यावर ड्रायव्हर लोकांना एगुसी आणि कुटलेला कंद विकायची. हाताला चव अशी, की शाकी गावाला जाणाऱ्या गाड्या भरल्या तरी सुटत नसत. ड्रायव्हर दुसरा गोळा मागत असायचा. सासरहून कायमची परतलेल्या सिफावूनं भावाच्या कानाशी भुणभुण लावली. लोहारांची सून परक्या पुरुषांना वाढते, लोक हसतात, तू पुरुष आहेस का कोण आहेस. एके दुपारी गनियूनं भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, भरलेलं पातेलं पालथं केलं. लाल तेल, माठाची पानं, एगुसीचे गोळे, सगळं मातीत. कुत्रीसुद्धा आधी बिचकली, मग आली.

असाबीनं रिकामं पातेलं उचललं, राखेनं घासलं, धुतलं, डोक्यावर पालथं घातलं, सहा वर्षांच्या लेकीचा, नुरातचा, हात धरला आणि अड्ड्यावर जाऊन शाकीच्या गाडीत बसली. सगळ्या रस्त्यानं ते पातेलं उन्हात चमकत गेलं. जे घरात होते त्यांनाही मग कळलं.

सव्वादोन वर्षांनी गनियू स्वतः शाकीला गेला. तिथंही तिची टपरी, तिथंही ड्रायव्हर. त्याला वाटलं होतं बाजूला बोलवून समजूत घालू. असाबी म्हणाली, “रांगेत बस.” तो बाकावर बसला, दोन ड्रायव्हरांच्या मध्ये. तिनं वाढलं. तो जेवला, घास गिळताना डोळे पुसत होता, मिरची फार होती असं नंतर सांगायचा. जेवून उठला, तर ती म्हणाली, “ताटली?”

“काय ताटली?”

“पातेलं मी धुतलं होतं. ताटली तू धू.”

इसेयिनच्या लोहार आवारातला पुरुष शाकीच्या अड्ड्यावर उकिडवा बसून ताटली धूत होता आणि ड्रायव्हर लोक त्याला साबण कुठे राहिला ते दाखवत होते. मग ती आली परत. गनियू मरेपर्यंत तिच्याशी नीट वागला, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, कान हलके होते.

तर त्या सव्वादोन वर्षांवर सिफावूनं बोट ठेवलं होतं. असाबीनं सूप उचललं आणि ती खोलीत गेली. सिफावूला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लतीफतची मोठी मुलगी बसीरत शाळेला निघाली. शिकवायला, एकवीस वर्षांची आहे, मास्तरीण आहे. ओसरीवरून उतरते तर समोर असाबी, दोन्ही गुडघे जमिनीवर, डोकं ओढणीनं झाकलेलं.

“नवरोजी, झोप लागली का?”

बसीरतच्या हातातल्या वह्या घसरल्या. “मोठी आई! हे काय करता? उठा! लोक बघतायत!”

“बघू देत ना. मी परत आले तेव्हा तुम्ही तुमच्या आईच्या पाठीवर होता. आली तिथून मोजायचं, असं ठरलंय. तुम्ही माझे थोर. मी कोण? नवी नवरी.” आणि असाबीनं विचार करून पुढं म्हटलं, “तुमचं नाव ठेवायचं राहिलंय. तुम्हाला मी ‘कोकिळा’ म्हणेन.”

बसीरतचा आवाज कसा आहे ते तिच्या वर्गातली पोरं सांगतात. दुपारपर्यंत सगळी शाळा तिला कोकिळा म्हणत होती.

मग कुणाचीच सुटका नव्हती. असाबी लग्न होऊन आल्यापासून ती शाकीहून परतेपर्यंत आवाराची अकरा पोरं जन्मली होती. वीस वर्षांपासून एकतीसपर्यंतची, बाप्ये झालेले, बायाही झालेल्या, आजवर तिला पाहून गुडघे टेकणारी, लोटांगण घालणारी. असाबीला एका झटक्यात अकरा नवरे वाढले, आणि तिनं एकालाही उपाशी ठेवलं नाही. सिफावूचा मुलगा मुनीरू सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. तो ‘पहाटेचा तारा’ झाला. सिफावूचीच मुलगी, जिच्या तोंडाला झाकण नाही, ती ‘मौनीबाई’. नावं सगळी कौतुकाचीच, कुणी आक्षेप घेतला असता तर घेतला कशावर? मुनीरूचं लग्न जमत होतं. मुलीकडचे लोक बोलणी करायला आले आणि त्यांच्यासमोर पन्नाशी ओलांडलेली मामी येऊन त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, “पहाटेच्या ताऱ्या, पाणी आणू का?” म्हणाली. मुलीची आई नवऱ्याकडे बघायला लागली.

“आई, हे थांबव!” मुनीरू सिफावूवर ओरडला. “मी घराबाहेर कसा पडू?”

“तिची तिलाच लाज वाटून थांबेल,” सिफावू म्हणाली.

असाबीला लाज वाटायची चिन्हं दिसेनात. उलट इयालेनं करायची एकेक कामं तिनं खाली ठेवली. दोन सुनांचं पाण्यावरून भांडण झालं, दोघी तिच्याकडे आल्या. “मला काय विचारता बायांनो? मी धाकटी. लतीफतताईंना विचारा.” चाळीस माणसांना एगुसी किती लागेल? “नव्या नवरीला काय कळतंय? लतीफतताई सांगतील.” बिचारी लतीफत चोरून तिच्या खोलीत यायची आणि खरोखरच रडायची.

“ताई, माझ्यावर कशाला राग? मी मागितलं का?”

“तुझ्यावर नाही गं राग. इकडे ये, नाक पूस.” असाबी बिया सोलता सोलता म्हणाली. “पण एक ऐक. मी आज गप्प बसले ना, तर मी ती सव्वादोन वर्षं पुसून टाकली असं होईल. पातेलं मातीत गेलं ते बरोबर, आणि मी गेले ते चूक, असं होईल. तो हंडा मला शिजवायच्या हौसेसाठी नकोय. मी गेले, ते याच घरची सून म्हणून गेले. हे मी मरायच्या आधी त्या बाईच्या तोंडून यायला हवं.”

“आणि नाही आलं तर?”

“तर तू हंडा लाव,” असाबी म्हणाली. “एगुसी कशी सोडायची ते येतं ना?”

“घट्ट मळायचं. रस्सा उकळला की चिमटी चिमटीनं सोडायचं, झाकण घालायचं, आणि हात लावायचा नाही.”

“शाबास. हात लावायचा नाही,” असाबी म्हणाली आणि हसली. लतीफतला ते हसू आवडलं नाही.

चाळिसावा दिवस उजाडला. अंगणात तीन दगडांची मोठी चूल पेटली. मोरियामोच्या माहेरची माणसं ओकेहोहून जेवायला दोन गाड्या भरून यायची होती, आणि ओकेहोचे लोक एगुसी तोंडात घालायच्या आधी डोळ्यांनी खातात. ताटात गोळे सुटे, टपोरे, पिवळसर, अंड्याच्या भुर्जीसारखे भरदार दिसले पाहिजेत. पातळ, दाणेदार, पेजेसारखी एगुसी वाढली तर ते काही बोलणार नाहीत, नुसती एकमेकांकडे नजर टाकतील. आणि मग वीस वर्षं बोलतील.

असाबी न्हाली, कडक इस्त्रीचा निळा पेहराव केला, मोरियामोच्या दुव्यासाठी पुढच्या ओळीत बसली. दुवा झाल्यावर उठली, मोठ्या घराच्या उंबऱ्यावर एक बुटकं लाकडी आसन टाकलं, डोक्यावरून पांढरी ओढणी घेतली, चपला काढल्या, आणि दोन्ही पाय अंगणाकडे पसरून बसली. दार अडलं. आतल्यांना बाहेर यायला मागच्या बाजूनं वळसा.

“हे काय आता?” काशिमू बाबा म्हणाले.

“बाबा, वीस वर्षं झाली मी आत शिरतेय, पाय न धुता. नव्या नवरीचे पाय धुतल्याशिवाय तिला आत घेत नाहीत. एवढी मोठी चूक माझ्या हातून झाली, मला कुणी सांगितलंच नाही. थांबते मी इथं. धुवा पाय.”

बाबांनी टोपीला हात घातला, पण झोपायची खोली आत होती.

तिकडे चुलीवर लतीफतनं लाल तेल तापवलं, कांदा, मिरचीचा वाटलेला गोळा, वर इरू, म्हणजे आंबवलेल्या बियांचा मसाला. इरूचा तो उग्र वास आवारभर पसरला आणि भुकेनं सगळ्यांची पोटं बोलायला लागली. मटण, चामडीचे मऊ तुकडे, धुरी दिलेला मासा. रस्सा रटरटला. लतीफतनं मळलेली एगुसी चिमटी चिमटीनं सोडली, एकसारखी, अंतर ठेवून. झाकण घातलं. दोन पावलं मागं सरली. इथवर अगदी बरोबर.

आता सिफावूचा एक स्वभाव आहे. तिला बंद झाकण बघवत नाही. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाच्या पेटीत काय आहे, कुणाच्या पत्रात काय लिहिलंय. उघडून बघितल्याशिवाय तिला घास जात नाही. ती हंड्याभोवती एक फेरी मारून आली. मग दुसरी.

“खाली लागतंय,” ती म्हणाली.

“नाही ताई, जाळ कमी केलाय.”

“मला वास येतोय.”

“ताई, अजून पाच मिनिटं—”

सिफावूनं झाकण उचललं. लांब लाकडी पळी घेतली, तळापर्यंत घातली आणि ढवळलं. एकदा नाही. डावीकडून, उजवीकडून, वर-खाली, जणू तिला हंड्याच्या तळाशी कुणीतरी लपलेलं सापडणार होतं. लतीफतचा हात पुढं आला आणि तिथंच थांबला. नणंद म्हणजे नवराच, आणि नवऱ्याच्या हातातली पळी बायको कशी ओढणार? ज्या आवारात रीत एवढी कडक, तिथंच ही चूक होऊ शकते.

ढवळणं थांबलं. सिफावूनं आत पाहिलं. लतीफतनं पाहिलं. एक गोळा शिल्लक नव्हता. हंडाभर पेज.

तेवढ्यात वेशीवर गाड्यांचे हॉर्न वाजले.

लतीफत पळत उंबऱ्यापाशी आली आणि असाबीच्या पसरलेल्या पायांशी कोसळली. “ताई, वाट लागली! सगळं ढवळलं! सगळं विरघळलं! ओकेहोची माणसं आली!”

“अरेरे,” असाबी ओढणीखालून म्हणाली. “मग करा काहीतरी. तुम्ही थोरल्या.”

सिफावू मागून आली, पळी हातातच, पळीवरून लाल तेल स्वतःच्या निळ्या झग्यावर ठिबकतंय. “असाबी, हे नाटक पुरे. चल, चुलीपाशी ये.”

“जमणार नाही हो, माझ्या चवळीच्या शेंगे. नव्या नवरीनं चुलीला हात लावायचा नसतो. आधी पाय धुवायचे, मग मी आत जाऊन बसणार, मग मला आठ दिवस कुणी काम सांगायचं नाही. रीतच आहे. पाणी आणता का?”

“मी पाय धुतले तर तू शिजवणार नाहीस?”

“शिजवेन कशी? मी धाकटी.”

“आणि नाही धुतले तर?”

“तर याचा अर्थ माझे पाय एकदाच धुतले होते. एकतीस वर्षांपूर्वी. तेच पाय अजून चालतायत.”

अंगणात आता ओकेहोच्या बायका शिरल्या होत्या. डोक्याची फडकी उंच बांधलेली, नाकं हवेत. त्यांनी उंबऱ्यावरची पांढरी ओढणी पाहिली, हंड्याकडे पाहिलं, आणि जवळ सरकल्या. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

“तू घर सोडून गेली होतीस,” सिफावू हळू आवाजात म्हणाली.

“गेले होते,” असाबी मोठ्या आवाजात म्हणाली. “अंगणात माझं पातेलं ओतलं म्हणून गेले. आणि जाण्यानं वर्षं पुसली जात असतील तर तूही ओगबोमोशोला नऊ वर्षं बायको म्हणून राहून परत आलीस. तुझी किती उरली?”

“मी इथं जन्मले!”

“आणि मी इथं पाय धुऊन आले. एकदाच.”

कुणीतरी खुदकन हसलं. मुनीरू खांबाआड उभा होता. “आई, सांगून टाक ना काय सांगायचंय ते,” तो कुजबुजला. “नाहीतर ही आता त्यांच्यासमोर मला तारा म्हणेल.”

सिफावूनं हंड्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं. तिला एक पळवाट सुचली. ती लतीफतकडे वळली. “लतीफत, जा, तुझ्या इयालेला विचार, हंडा उतरवायचा की ठेवायचा.”

लतीफतचा चेहरा उजळला. पण असाबी हलली नाही. तिनं पायाची बोटं जराशी हलवली, धुळीतून.

“माझे कान लतीफतच्या डोक्याला बसवलेले नाहीत. कुणी मला काही म्हणालं का?”

हंड्यात पेज रटरटत होती. सिफावूनं पळी खाली केली. पळीवरचा थेंब पडला.

“इयाले,” ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, कारण असाबी अजून बसलेलीच होती, “इयाले, हंड्याचं काय करायचं ते सांगा.”

असाबी उठली. ओढणी काढून लतीफतच्या खांद्यावर टाकली, चपला घातल्या, आणि आधी चुलीकडे न जाता आपल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर ओल्या फडक्यानं झाकलेली भली मोठी टोपली होती. आत मळलेली एगुसी. घट्ट, कांदा घालून, हातानं सोललेल्या अख्ख्या मगजाची, पहाटे दगडावर वाटलेली. चाळीस माणसांना पुरून उरेल एवढी.

“ताई,” लतीफत पुटपुटली, “तुम्हाला आधीच माहीत होतं?”

“एकतीस वर्षं झाली, तिच्यासमोर बंद झाकण ठेवून कुणी निभावलंय का?” असाबी म्हणाली.

तिनं पेज उकळू दिली, वर तेल तरंगेपर्यंत. ती आता नुसता दाट रस्सा झाली होती, आणि रस्सा म्हणून काही वाईट नव्हती. मग तिनं एगुसी सोडली. चिमटी, चिमटी, चिमटी, बोटांनी बी सोलायच्याच लयीत. झाकण घातलं. आणि मग आपलं बुटकं आसन ओढून हंड्याच्या अगदी जवळ बसली, पळी मांडीवर आडवी. धूर डोळ्यांत जात होता, तरी पापणी मिटेना. सिफावू समोरच उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि मधे झाकण. वीस मिनिटं. इसेयिनमध्ये इतकी लांब वीस मिनिटं आजवर कुणी पाहिली नसतील. एकदा सिफावूचं बोट हललं. असाबीनं मांडीवरची पळी उभी धरली. बोट परत गेलं.

झाकण उघडलं तेव्हा ओकेहोच्या बायकांनी मान पुढं काढून पाहिलं, आणि एकमेकींकडे नजर टाकायचं विसरल्या. गोळे होते. सुटे, भरदार, कडेनं लाल तेलाची झालर. माठाची पानं वरून पडली. कुटलेल्या कंदाचे पांढरे गोळे ताटल्यांत उतरले.

पहिली ताटली घरच्या थोरल्या लेकीची. तीही रीतच. असाबीनं तिच्यात सगळ्यात मोठे गोळे आणि मासा वाढला, दोन्ही हातांत धरली, गुडघे टेकले आणि पाहुण्यांच्या गाड्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घे गं, माझ्या चवळीच्या शेंगे!”

सिफावूनं घेतली. खाल्लं. आणखी मागितलं, हे ओकेहोच्या लोकांनी पाहिलं, म्हणून नाकारता येत नाही. दुसऱ्यांदा वाढताना असाबी वाकून हळूच काहीतरी बोलली. काय बोलली ते लतीफतनं ऐकलं आणि आवारात पोचवलं.

“खाऊन झालं की ताटली तू धू.”

सिफावूनं ऐकलं न ऐकलं केलं. जेवली, हात धुतले, ताटली उखळाच्या कडेवर ठेवली आणि चालती झाली. असाबीनं सुनांना सांगितलं, “बाकी सगळी भांडी घासा. तिला हात लावायचा नाही.” आता ते सांगायचा अधिकार तिला होता.

ताटली तिथंच राहिली. एक दिवस, दोन दिवस. मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या. येणारा जाणारा विचारायचा, ही कुणाची, आणि आवारातलं प्रत्येक पोर सांगायचं कुणाची. तिसऱ्या दिवशी काशिमू बाबांनीच ती उचलायला हात पुढं केला. असाबी ओसरीवरून नुसतं “बाबा” म्हणाली. बाबांनी तो हात टोपीकडे नेला.

शुक्रवारी सकाळी ती ताटली बाकीच्या ताटल्यांच्या चळतीवर होती. कुणी धुतली, कुणी पाहिलं नाही. लतीफत म्हणते तिनं नाही, आणि तिला खोटं बोलता येत नाही. काठाखाली साबणाचा एक वाळलेला पट्टा राहिला होता, वीस वर्षांत भांडं न घासलेल्या हाताचा.

असाबीनं तो पाहिला. पुसला नाही. ताटली तशीच चळतीवर ठेवली, पाय पसरून बसली आणि पोत्यातलं पहिलं बी उचललं. कट्‌.